पाणी चाखलं, पण झाकण?

फटफटीच्या सायलेन्सरला धरलेला पांढरा रुमाल बाबांनी पाच मिनिटांनी फडकावला. पांढरा तो पांढराच! पारावरच्या गर्दीनं टाळ्या पिटल्या. हा हरितानंदबाबा कुठून आल्ता, कुणाला ठाऊक नव्हतं. पण फटफटी पाण्यावर पळवतो, ही कीर्ती आठ दिवसांत राजूरपर्यंत पोचली होती.

"पेट्रोल म्हंजे धरतीमातेचं रक्त, भक्तहो! माझी गाडी फक्त जल पिते. हायड्रोजनशक्ती आणि ओंकारशक्ती एकच!" बाबांनी कॅरिअरवरचा, लाल कापडात गुंडाळलेला स्टीलचा कलश थोपटला. त्यातून निघालेली नळी इंजनात गेली होती. "अन् पाणी तुमचंच घ्या!"

मंग काय! या वाडीतली माणसं एका घोटात विहीर ओळखणारी. म्हाताऱ्या कारभारीतात्यांनी तांब्या तोंडाला लावला, जीभ टाळूला चिकटवून पाहिली. "आपल्या हापशाचंच हाय. बराबर मचूळ लागतंय." मागोमाग दहाजणांनी चाखलं. झाली म्हणे तपासणी!

आसराबाई मेंढरं घेऊन कडेला उभी होती. तिचा जीव टांगणीला लागला होता. सरपंच भागवतच्या हातात ठराव होता: बाबांच्या 'हरित इंधन आश्रमा'ला गायरान द्यायचं. सह्या आजच. तिची चाळीस मेंढरं त्या गायरानावर जगत होती. परवा तिथंच बाबांच्या चेल्यांनी पांढरा गाळ ओतला. तो चाटून दोन कोकरांचे ओठ सोलले. विचारायला गेली तर चेला म्हणाला, "विभूती हाय ती, कपाळाला लाव."

बाबांनी पुन्हा पाणी ओतायला झाकण किलकिलं केलं. वाऱ्यावर लसणासारखा उग्र भपकारा आला आणि आसराबाईचे तळहात चुरचुरले. दोन उन्हाळे ती जालन्याला फळांच्या गोदामात राबली होती. आंबे लवकर पिकावेत म्हणून पेट्यांत कार्बाइडच्या पुड्या ठेवायच्या. ओला हात लागला की भाजायचा. हाच वास!

ती तडक पुढं झाली. "बाबा, पाणी ओतायच्या आधी कलश पालथा करा."

"बाई, यात शक्तीचा वास आहे!"

"वास तर मलाबी येऊन राह्यला!"

"आसरे, गप. पाप लागंल," सरपंच खेकसला.

"लागू दे मला! माझ्या कोकरांचे ओठ गेले, त्याचं पाप कुणाला लागलं रे?" तिनं झाकण ओढलं आणि कलश मातीत उपडा केला. राखाडी खडे खळकन सांडले.

शाळेच्या सत्यशीलाबाईंनी चिमट्यानं एक खडा उचलून हापशाच्या पाण्यात टाकला. फसफस उसळली. सगळ्यांना मागं सारून त्यांनी लांब काठीला काडेपेटीची काडी बांधली, पेटवली आणि पुढं धरली. भप्पकन जाळ! "पाणी जळत न्हाई. खड्यातून गॅस निघतो, तो जळतो. खाली उरतो तो चुना. हीच तुमची विभूती."

"पण धूर तर न्हाई ना?" भागवत चाचरला.

"हा खडा कसा करतात?" सत्यशीलाबाईंनी विचारलं. "चुना आणि दगडी कोळशाचा कोक प्रचंड भट्टीत तापवून. धूर तिकडं निघतो, गाळ तुमच्या गायरानात येतो आणि रुमाल इथं पांढरा राहतो."

सगळे कलशाकडं बघत असताना बाबा चेल्याच्या जीपमध्ये बसून पसार झाला. आसराबाईनं सरपंचाच्या हातातला ठराव घेतला आणि फाडला. तात्यांनी मान खाली घातली.

"तात्या, पाणी चाखायला समदे धावले. झाकण उघडायला कुणीच न्हाई?"

तिनं मेंढरं गायरानाकडं वळवली, गाळाचा खड्डा आधी काटेरी फांद्यांनी झाकला.

लोकहो, उद्या आणखी कुणी धूर न काढणारी गाडी घेऊन येईल. कदाचित ती खरीही असेल. पण तिचं इंधन कुठं शिजतं, तिथला धूर कोण गिळतं आणि उरलेला गाळ कुणाच्या रानात पडतो, एवढं विचारा. आधी झाकण उघडा, टाळ्या नंतर वाजवा.