फुटकं घरचं

त्या चहाघरात एक नियम होता: अख्खे बिस्कीट गिऱ्हाइकाचे, फुटके घरचे. तो कुठे लिहिलेला नव्हता आणि आईने तो नियम म्हणून कधी सांगितलाही नव्हता. भट्टीतून ट्रे बाहेर आला की ती अख्खी बिस्किटे काचेच्या बरणीत रचायची, फुटकी एका पितळी डब्यात टाकायची आणि डबा स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवायची. त्या घरातल्या दोन्ही मुलांना बिस्कीट गोल असते हे माहीत होते ते केवळ बरणीकडे बघून. त्यांच्या हातात आलेल्या बिस्किटाला नेहमी एक तरी धारदार कड असे.

बिस्कीट फुटण्याला कारण असते. भट्टीतून निघते तेव्हा ते मऊ असते आणि थंड होताना कडक होत जाते. कडेचा भाग आधी सुकतो, मधला नंतर. या दोहोंतला फरक वाढला की बिस्कीट कोणी हात न लावता जागच्या जागी तडकते. या घरात तो फरक वाढण्याचे कारण भट्टी हेच होते. वडील गिरणीत फिटर. त्यांनी ती भट्टी पत्रा आणि विटा जमवून सुट्टीच्या दिवसांत स्वतः बांधली होती. काम चोख होते, पण धुराड्याचे तोंड मागच्या डाव्या कोपऱ्यात आल्यामुळे आच त्या बाजूला ओढली जाई. तिथली बिस्किटे आधी लाल होत आणि नंतर तडकत. त्यावर उपाय एकच होता. भाजणे अर्ध्यावर आले की ट्रे ओढून उलटा फिरवायचा. लवकर फिरवला तर बिस्किटे बसत, उशिरा फिरवला तर करपत. ती नेमकी वेळ घड्याळात नव्हती, वासात होती, आणि तो वास थोरलीला कळे. शाळा सुटल्यापासून, पुढे शाळा संपल्यापासून, भट्टीचे दार तिच्याच हातात होते.

"आई, आज किती फुटली?" धाकटा विचारायचा.

"तुमच्या पोटाच्या मानानं कमीच."

मग वडील गिरणीतून आलेले, अजून हातही न धुतलेले, ट्रेच्या मागून जायचे आणि जाता जाता एका चांगल्या बिस्किटावर अंगठा दाबायचे.

"अरेरे! फुटलं वाटतं."

"तुमचा तो अंगठा एक दिवस कापून बरणीत ठेवणार आहे मी," आई म्हणायची.

"बरणीत नको, डब्यात ठेव. फुटकं घरचं." आणि तुकडा थोरलीच्या हातात यायचा. "घे उंदरे."

चुरा वेचून खाण्याच्या सवयीवरून पडलेले ते नाव वडिलांखेरीज कोणी घेत नसे.

धाकट्याचे लग्न झाले त्या वर्षी एका दुपारी आईने थोरलीच्या हातातले जाड फडके काढून घेतले आणि नव्या सुनेच्या हातात दिले.

"हिला शिकव आता. पुढं दुकान यांनाच बघायचं आहे."

"आणि मी?"

"तू काय, आज ना उद्या जाशीलच."

ती कुठेही जाणार नव्हती. तिच्यासाठी स्थळे बघणे घरच्यांनीच केव्हाच थांबवले होते आणि त्याबद्दल कोणी बोलतही नसे. आई हे वाक्य सवयीने बोलून गेली. इतकी वर्षे बोलत आलेले वाक्य तिने त्या दिवशी चुकीच्या ठिकाणी वापरले, एवढेच. पण थोरलीने ते जसेच्या तसे घेतले.

"जायचंच आहे तर आजच जाते," ती म्हणाली आणि गेली. रस्ता ओलांडून समोर.

समोर नुकतेच एक नवे चहाचे हॉटेल उघडले होते, काचेच्या दारांचे आणि गादीच्या खुर्च्यांचे. मालकाला भट्टीवर माणूस हवेच होते. माडीवर राहायला खोली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने दुकानाची फळी उघडली तेव्हा समोरच्या काचेआड थोरली पाठमोरी उभी राहून पीठ मळत होती.

आईने त्यावर एकदाच तोंड उघडले, तेही शेजारच्या शिंप्यापुढे. "परगावी गेली असती तर रडून मोकळी झाले असते. समोर गेली. रडायचीही सोय ठेवली नाही."

सहा वर्षे असेच चालले. रस्ता बैलगाडीही वळणार नाही इतका अरुंद, पण दोन्ही घरांतून कोणी तो ओलांडला नाही. ओलांडायचा तो फक्त शिंपी. तो सकाळचा चहा इकडे घ्यायचा, संध्याकाळचा तिकडे, आणि दोन्हीकडे सांगायचा, "साखर तिकडे जास्त असते हं."

मग समोरच्या मालकाने जागा विकली. काचेची दारे निघाली, खुर्च्या एका टेम्पोत उलट्या रचून गेल्या आणि थोरलीला माडीवरची खोली सोडायला सांगण्यात आले.

तिने दोन दिवस विचार केला. क्षमा मागणे तिला जमणारे नव्हते आणि आईला ती ऐकून घेणेही जमले नसते, हे तिला माहीत होते. तिच्याकडे देण्यासारखी दुसरी गोष्ट होती. त्या भट्टीचा तो कोपरा तिच्याइतका कोणालाच कळत नव्हता. भावजय कामाची असेल, पण तो वास तिला कुठून येणार? इतकी वर्षे ट्रे करपत असतील, बिस्किटे फुटत असतील. आपण जायचे ते मागायला नाही, सावरायला, असे तिने मनाशी पक्के केले.

दुपारच्या रिकाम्या वेळी ती गल्लीतून मागच्या दाराशी गेली. घरची माणसे पुढच्या दाराने कधी येत नसत. कडी वाजवली. भावजयीने दार उघडले.

"अगंबाई, ताई! थांबा हं, आत्ताच फरशी पुसलीय. घसराल. पुढून येता का?"

तिच्या आवाजात वाकडे काहीच नव्हते. फरशी खरोखरच ओली होती. थोरली वळसा घालून पुढे आली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दुकानाच्या पायऱ्या गिऱ्हाईक चढते तशी चढली.

खिडकीजवळ शिंपी बसला होता. "आलीस? बरं झालं. माझा संध्याकाळचा चहा पोरका झालाय गं दोन दिवस."

गल्ल्याशेजारच्या खुर्चीत वडील बसले होते. बारीक झाले होते. त्यांनी कप बशीत ठेवताना तो आधी खडखडला, मग बसला.

"उंदरे," ते म्हणाले.

आई आतून हात पुसत आली. तिने थोरलीकडे पाहिले, मग टेबलाकडे बोट केले. "बस."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थोरलीचे एक लाकडी स्टूल असे. ते आता तिथे नव्हते. ती टेबलाशी बसली.

"चहात साखर किती?" आईने विचारले.

"तुला माहीत आहे."

"सहा वर्षांत सवयी बदलतात माणसाच्या."

"माझ्या नाही बदलल्या." थोरलीने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "आई, समोरचं बंद झालं, ते तू पाहिलंच असशील. मी परत यायचं म्हणते. भट्टीवर. वरच्या खोलीत राहीन."

"वरच्या खोलीत मैद्याची पोती आहेत."

"पोती हलवता येतात."

"येतात," आई म्हणाली आणि तिने बरणीचे झाकण घट्ट लावले. मग म्हणाली, "मी सहा वर्षं रोज सकाळी फळी उघडली की पहिल्यांदा तुझी पाठ बघायची. एकदा तरी वळशील म्हणून फळी जरा जोरातच उघडायची."

थोरलीला ते ऐकू यायचे. ते ऐकून ती पीठ अधिक जोराने मळायची. हे ती आता बोलली नाही. त्याऐवजी, जे ठरवून आली होती ते बोलली.

"त्या कोपऱ्याचं काय करता तुम्ही? ट्रे कोण फिरवतं? हिला जमतो?"

"फिरवावाच लागत नाही, ताई," भावजय आतून कौतुकाने म्हणाली. "बाबांनी पत्रा लावला ना आडवा. मीच विचारलं होतं. म्हटलं, बाबा, धुराड्याच्या तोंडापुढं पत्रा टाकला तर आच सगळीकडं सारखी नाही का पसरणार? आता सगळी एकाच रंगाची निघतात बघा."

थोरली वडिलांकडे वळली. "पत्रा?"

"एवढासा." त्यांनी दोन तळहातांमध्ये अंतर दाखवले. "दुपारभराचं काम."

"मग इतकी वर्षं का नाही लावलात?"

वडील गोंधळले. ते काहीही लपवत नव्हते. "कोणी म्हणालंच नाही गं. आणि तू ट्रे इतका झकास फिरवायचीस, मला वाटलं तुला ते आवडतं."

शिंपी हसणार होता. त्याने आईचा चेहरा पाहिला आणि चहा प्यायला.

आईने चहा आणला. सोबत काठाला निळी रेघ असलेली बशी होती. ती गिऱ्हाइकांची, घरात ती कोणी वापरत नसे. बशीत दोन बिस्किटे होती, गोल आणि सगळीकडून सारख्या रंगाची. थोरलीने ती नीट पाहिली. तिच्या हातच्या सर्वात चांगल्या घाण्यातही दोन बिस्किटांचा रंग कधी इतका जुळला नव्हता.

"फुटकी नाहीत?" तिने विचारले.

"हल्ली फुटत नाहीत," आई म्हणाली.

"मग तुम्ही काय खाता?"

"अहो, खरं सांगू?" भावजय हसली. "महिनामहिना चवसुद्धा बघायला मिळत नाही आम्हाला."

"मी म्हणतो, एखादं फोडा," वडील म्हणाले. "पण माझा अंगठा आता निवृत्त झालाय."

थोरलीने बशी जवळ ओढली. वरच्या बिस्किटाच्या मधोमध तिने अंगठा ठेवला आणि दाबला. बिस्कीट चांगले भाजलेले होते, त्यामुळे ते स्वच्छ, मोठा आवाज करून तुटले. तिने हात मागे घेतला आणि आईकडे पाहिले. तिला आणखी काही म्हणायचे नव्हते. या घरात यापेक्षा स्पष्ट काही म्हणता येतच नव्हते, आणि ते सर्वांना समजले होते, भावजयीलाही. तिने दारातच पदराशी चाळा सुरू केला.

आई पुढे आली. तिने तुकडे उचलले आणि वडिलांच्या बशीत ठेवले. मग बरणीचे झाकण उघडून चिमट्याने एक अख्खे बिस्कीट काढले, थोरलीच्या बशीत ठेवले आणि चुरा फडक्याने टिपून घेतला.

"फुटकं आम्ही गिऱ्हाइकापुढं ठेवत नाही," ती म्हणाली.

वडिलांनी एक तुकडा उचलला. त्यांचा हात टेबलाच्या दिशेने थोडा पुढे आला. "उंदरे, हे..."

"तुमचा चहा निवतोय," आई म्हणाली.

वडिलांनी हात मागे घेतला. मग त्यांनी तो चहात बुडवला आणि खाल्ला, कारण एकदा बुडवल्यावर दुसरे काही करता येत नाही.

आई आत गेली. भट्टीचे दार उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ वास, भाजणे अर्ध्यावर आल्याचा. थोरलीचे खांदे आपोआप उठले. आत कोणी ट्रे ओढला नाही. दार पुन्हा लागले.

तिने बिस्कीट उचलले. अख्खे बिस्कीट धरायचे कसे हे तिला चटकन उमगेना. धार नव्हती, कुठून सुरुवात करावी याची खूण नव्हती. तिने कडेने चावा घेतला. लहानपणापासून ज्याला ती बिस्किटाची चव समजत आली होती त्यातला थोडा भाग करपलेपणाचा होता, हे तिला आता कळले. या बिस्किटात तो नव्हता.

"कसं आहे?" न राहवून शिंप्याने विचारले.

"छान आहे," ती म्हणाली.

दुसरेही तिने खाल्ले. मग बोट ओले करून बशीतला शेवटचा कणही उचलला. तो मागे राहिला असता तर घरचा झाला असता.