जिन्यावरून पडलेली कविता

"तुम्हालाच काय, कुणालाच पटायचं नाही," म्हातारा कंपोझिटर काचेच्या पेटीवर बोट टेकवून म्हणाला, "पण ही नवी कविता की काय म्हणतात ना, ती माझ्या हातातून निसटली."

संग्रहालयाच्या बाईंनी वही उघडली. प्रदर्शन उद्या सुरू व्हायचं होतं आणि या एका पानाची पाटी तेवढी लिहायची राहिली होती. पान बंडखोर कवींच्या जुन्या अनियतकालिकातलं. कविता जिन्यावरून पडणाऱ्या माणसाची. वरच्या कोपऱ्यातून अक्षरं तिरपी गडगडत खाली आली होती आणि तळाशी 'आई गं' एकटंच पडलं होतं. कवी केव्हाच वारला होता. ते छापणाऱ्या छापखान्यातली उरलेली माणसं ही दोनच: म्हातारा आणि त्याची बायको. छपाई झाली की चौकटीत आवळलेला पानाचा फर्मा सोडवून अक्षरांचे शिशाचे खिळे आपापल्या खणात परत टाकायचं काम तिनं वीस वर्षं केलं होतं. आत्ता ती चपलेचा तुटका बंद चाचपत बसली होती.

"फर्मा उचलला. वीस किलोचं शिसं!"

"काका, मघाशी दहा म्हणालात."

"आठवणीत शिसं वाढतं, बाई. तर तेवढ्यात पायात आलं मांजर. मी आडवा, फर्मा हवेत! खिळे असे उधळले की 'क' थेट मालकांच्या चहात. ते घोटासरशी प्यायले. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं कुणाला कळेनासं झालं."

बाई खुदकन हसल्या. म्हाताऱ्याला आणखी चेव आला.

"मी हाताला येतील तसे खिळे गोळा केले, आवळले आणि छापून मोकळा झालो. कवी आला. म्हटलं, आता हा मला कच्चा खातो. तर मिठीच मारली! म्हणाला, 'मास्तर, आमच्या दहा जाहीरनाम्यांना जमलं नाही ते तुमच्या वेंधळेपणानं केलं.'"

बाई लिहू लागल्या. "'एका कामगाराच्या हातून खिळे सांडले...' तुमचं नाव घालू का, काका?"

"सांडण्याला कशाला हवंय नाव?" म्हातारा हसला, पण हसू अर्ध्यावरच विरलं.

चाळीस वर्षं तो हेच सांगत आला होता. कवीनंच तसा शब्द घेतला होता. 'आपोआप झालं म्हणायचं, मास्तर. बसून केलं म्हटलं की त्यातली जान जाते.' म्हाताऱ्यानं शब्द पाळला. मांजर तेवढं नंतर, लोक हसतात म्हणून, पदरचं घातलं. आता मात्र पाटी एकदा भिंतीवर चढली की चढली. त्यानं पेटीकडे पाहिलं.

"अहो, पुरे," बायको म्हणाली. ती उठली, एक पाय अनवाणीच, आणि पेटीवर वाकली. "बाई, सांडलेले खिळे गोळा केले की निम्मे डोक्यावर उभे राहतात. यात एक तरी अक्षर उलटं दाखवा."

बाईंनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अकरा दिवस लागले यांना. पुठ्ठ्याच्या पाचरी कापायच्या, एकेक ओळ तिरपी बसवायची. माणूस नेमका कसा पडतो कळेना, तर आमच्या जिन्यावरून मुद्दाम दोनदा पडले. गुडघा अजून ठणकतो. छापून झाल्यावर ते पान सोडवायला माझ्याकडे आलं. मी दोन दिवस हात लावला नाही त्याला."

"काकू, मग मांजर?"

म्हातारा खिडकीबाहेर बघू लागला.

"कुठलं मांजर! धडधडीत खोटं सांगतायत हे," ती म्हणाली. "ते 'सांडले' खोडा आधी. आणि नाव घाला यांचं."