मागे बसणाऱ्याचा चेहरा

मित्रांनो, कसबा पेठेतल्या हिंमतरावांच्या फोटोच्या दुकानात, काचेच्या कपाटात, गेली कैक वर्षे माझा मुक्काम आहे. मी त्यांची जुनी लेन्स. अंगाने मुठीएवढी. पुढे काच, मागे काच आणि पोटात आठ काळ्या पात्या. बाहेरची कडी फिरवली की पात्या एकमेकींजवळ सरकतात आणि मधले भोक लहान होते. त्या भोकालाच फोटोवाले ॲपर्चर म्हणतात. कडीवरच्या आकड्यांची गंमत अशी, की आकडा लहान तेवढे भोक मोठे.

माझे तरुणपण कीर्तनात गेले, हे माझे भाग्य. गल्लीतल्या राममंदिरात मुक्ताईबाई कीर्तनाला उभ्या राहिल्या, की हिंमतराव मला घेऊन खांबाशी बसत. देवळात उजेड बेताचा, आणि कीर्तनात फ्लॅश मारायचा नाही हा त्यांचा नियम. म्हणून ते कडी १.८ वर ठेवून मला सताड उघडी करत. प्रकाश भरपूर मिळे. पण अशी उघडी असले की मला एकाच अंतरावरचे स्पष्ट दिसते. बाईंचा चेहरा लख्ख आणि मागचे सगळे धुक्यात. लोक त्या धुक्यालाही वाहवा म्हणत. काचेचे कौतुक झाले, पात्यांची कोणाला आठवण राहिली नाही. वर्षानुवर्षे त्या मिटल्याच नाहीत.

मग एका सोमवारी रझियाभाभी दुकानात आल्या. त्यांचे यजमान दादामियाँ तीस वर्षे बाईंच्या मागे बसून पेटी वाजवतात. भाभींनी भिंतीवरच्या फोटोवर बोट ठेवले.

"हिंमतभाऊ, यात आमचा माणूस कुठला? हा ढग का?"

"भाभी, मागचं जरा मऊ येतं."

"तीस वर्षं मऊच येतंय. मागे बसणाऱ्याला तोंड नसतं का?"

हिंमतराव ओशाळले. "उद्या घेऊन या त्यांना. एकट्यांचा झकास काढतो."

"एकट्याचे घरात चार आहेत. मला बाईंच्या मागे बसलेले हवेत. तीच त्यांची जागा." भाभींचा आवाज खाली आला. "बोटं थरथरतात आता त्यांची. येत्या गुरुवारी शेवटची पेटी. मग आम्ही मिरजेला लेकीकडे, कायमचे."

त्या संध्याकाळी हिंमतरावांनी माझी कडी ११ वर नेली. कडी फिरली, पण पात्या हलेनात. बसून बसून आतले तेल पाझरले होते आणि त्या एकमेकींना चिकटल्या होत्या. मला फार लाज वाटली. हिंमतरावांनी दोन दिवस खपून मला उघडले, एकेक पाती पुसली. बुधवारी पात्या हळूच सरकल्या आणि भोक मसुराच्या दाण्याएवढे झाले. आता मला पुढचे आणि मागचे दोन्ही स्पष्ट दिसू लागले. पण एवढ्याशा भोकातून प्रकाश चोरपावलांनी येतो. तो आत येईपर्यंत अर्धा सेकंद थांबावे लागते, आणि तेवढ्यात जो हलेल तो पुसला जातो.

बाई तर कीर्तनात क्षणभर स्थिर नसत. हिंमतराव त्यांना भेटले.

"बाई, मध्यंतरात हार घातल्यावर जरा हलू नका."

"अहो, रामापुढे उभी राहून हलू नका म्हणणारे आपण पहिलेच."

"माझ्यासाठी नाही. मागे दादामियाँ आहेत."

बाईंनी हसू आवरले. मग म्हणाल्या, "बरं."

गुरुवारी त्याच खांबाशी मला तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवले. मध्यंतर झाले. बाईंना हार घातला, बुक्का लावला, नामघोष सुरू झाला. सवयीने बाईंचे पाऊल ठेक्यावर पडले. पहिला फोटो पुसट. दुसऱ्यात हार हलला. नामघोष संपत आला, आणि समोर बसलेल्या भाभी खांबाकडे पाहू लागल्या. तेवढ्यात बाईंनी झांज खाली ठेवली, हात जोडले, डोळे मिटले. दादामियाँनी पेटीवर एकच सूर धरला. देऊळ शांत झाले. हिंमतरावांनी कळ दाबली, आणि माझ्या पात्या हलल्या नाहीत. मीही मनातल्या मनात रामाचे नाव घेत होते.

शनिवारी भाभींनी फोटो हातात घेतला. पुढे बाई, मागे दादामियाँ. सुरकुत्या, चष्मा, पांढरी दाढी, सगळे जागच्या जागी. भाभींचे बोट फोटोवरून हळूहळू फिरले. मग म्हणाल्या, "भात्यावरचा हात तेवढा हललाय."

"तो थांबला असता तर सूर थांबला असता, भाभी."

त्यांनी फोटो पदराने पुसला. "राहू दे मग तसाच."

मित्रांनो, आता दर गुरुवारी हिंमतराव माझी कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतात, फोटो काढायचा नसला तरी. तुमच्या घरीही एखादी जुनी लेन्स पडून असेल. तिला दमट जागी ठेवू नका, आणि अधूनमधून तिच्या पात्या मिटून उघडत जा. मागे कोणी तीस वर्षे बसलेले असते. त्याच्या जाण्याच्या आधी पात्या मिटता यायला हव्यात.