साखरेच्या तफावतीचा खुलासा

हेडमास्तरांनी आयुष्यात एकही परीक्षा तयारीशिवाय दिली नव्हती, आणि रक्ताची तपासणी ही परीक्षाच असते याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सारी गल्ली त्यांना हेडमास्तरच म्हणायची. मधुमेह तेवढा त्यांचा हुद्दा मानायला तयार नव्हता.

वर्षातून एकदा आरोग्य योजनेच्या कार्यालयातून फॉर्म यायचा. इन्सुलिन पुढेही मिळत राहावं असं वाटत असेल, तर साखरेचा ताजा रिपोर्ट जोडा. फॉर्म आला की हेडमास्तर अभ्यासाला लागत. तपासणीच्या आधी चार दिवस रात्रीचं जेवण म्हणजे दोन काकड्या आणि करारी चेहरा. गच्चीवर सकाळी चाळीस फेऱ्या, संध्याकाळी चाळीस. पाचव्या दिवशी उपाशीपोटी जाऊन ते दंड असा पुढे करत की जणू बक्षीस घ्यायलाच आलेत. यंदा साखर आली अठ्ठ्याण्णव. शंभरपैकी, असं ते कुणाला म्हणाले नाहीत, पण रिपोर्ट हातात धरला होता तसाच.

फॉर्मवर दोन चौकोन असत: ‘उपाशीपोटीची साखर’ किंवा ‘तीन महिन्यांची सरासरी’. हेडमास्तर न चुकता पहिल्यात खूण करत. सरासरी ही मोठी चोंबडी तपासणी. तिला शेवटच्या चार दिवसांचा अभ्यास दिसतच नाही, आधीचे सगळे उद्योग मात्र दिसतात. आणि हेडमास्तरांचे उद्योग जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे, एका पत्र्याच्या डब्यात, बिस्किटांच्या रूपाने नांदत होते. घरात ही गोष्ट फक्त त्यांना माहीत होती. म्हणजे, तशी त्यांची समजूत होती.

आजवर कार्यालयात हे फॉर्म माणसं वाचत, म्हणजे कुणीच वाचत नसे, आणि मंजुरी बिनबोभाट येई. यंदा तिथे नवा संगणक बसला आणि त्याने फॉर्म खरोखरच वाचला.

“सर, तुमच्या नावापुढे लाल आलंय,” औषधवाला पडद्याकडे बघत म्हणाला.

“लाल म्हणजे?”

“मंजुरी थांबवलीये. कारण लिहिलंय, ‘साखर नियंत्रणात. औषधाची गरज पुन्हा तपासावी.’”

“अरे, औषधामुळेच नियंत्रणात आहे ना ती.”

“ते मला कळतं सर. पडद्याला कळत नाही.”

“मग विकत दे. पैसे मोजतो.”

“पैशाचा प्रश्नच नाही. माल इतका कमी येतोय की सगळा मंजुरीवाल्यांसाठी राखीव. तुमचं इन्सुलिनचं पेन फ्रिजमध्ये समोर दिसतंय मला. पण काढलं की संगणक मंजुरीचा नंबर मागतो.”

हेडमास्तरांनी काचेतून फ्रिजमधलं आपलं पेन पाहिलं. नापास मुलाच्या बापाने दुसऱ्याच्या मुलाला मिळालेला चषक बघावा, तसं.

घरच्या पेनात बहात्तर युनिट उरली होती. रोज सकाळी अठरा. गणिताच्या माणसाला यात बोटं मोजायची गरज नव्हती: चार दिवस. त्यांनी योजनेच्या ‘मधुमेह सोबती’ या मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. एका मधाळ बाईने त्यांचं आरोग्य किती मोलाचं आहे हे तीनदा सांगितलं, मग बासरी वाजली, मग ते रांगेत एक्केचाळिसावे असल्याचं कळलं. पाऊण तासाने ते चौतिसावे झाले आणि फोन आपणहून बंद पडला. संध्याकाळी संदेश आला: ‘आमची परिचारिका एकोणीस कार्यालयीन दिवसांत आपल्याशी बोलेल. तोवर गोड टाळा.’

हेडमास्तरांनी बहात्तरला एकोणिसाने भागलं. उत्तर तीन पूर्णांक एकोणऐंशी शतांश आलं. पेनावर दशांशचिन्ह नव्हतं. तेव्हा त्यांनी सोपा मार्ग धरला आणि रोज नऊ युनिट घ्यायला सुरुवात केली. आठ दिवसांची सोय झाली. निम्मं औषध घेतलं की निम्मा मधुमेह बरा राहील, असा काहीसा त्यांचा हिशेब असावा. पाचवीच्या मुलाने तो मांडला असता तर त्याला त्यांनी बाकावर उभं केलं असतं.

बायकोला त्यांनी यातलं चकार शब्दाने सांगितलं नाही. ती तीस वर्षं न्यायालयात लघुलेखक होती. लोकांचे जबाब जसेच्या तसे उतरवून घेण्यात तिची हयात गेली होती. अशा बाईसमोर कमी बोललेलं बरं, हा धडा हेडमास्तर लग्नानंतर आठवडाभरात शिकले होते. घरी साखर मोजायचं यंत्र होतं, पण त्याच्या पट्ट्याही त्याच मंजुरीत अडकल्या होत्या. त्यामुळे यंत्रही गप्प होतं.

तिसऱ्या दिवशी ते योजनेच्या कार्यालयात गेले. खिडकी क्रमांक चारमागे एक गोलमटोल कारकून होता. चष्मा कपाळावर, समोर तळहाताएवढा पंखा, आणि चेहऱ्यावर लग्नघरातल्या यजमानाचा आनंद.

“अभिनंदन काका,” तो रिपोर्ट बघून म्हणाला. “अठ्ठ्याण्णव. माझी एकशे दहा आहे.”

“माझं औषध बंद झालंय.”

“चांगलं झालं की. लोक आयुष्यभर घेत बसतात.”

“ते घेतो म्हणून अठ्ठ्याण्णव आहे.”

“म्हणजे औषधाने काम केलं.”

“हो.”

“मग झालं ना काम,” कारकून म्हणाला, आणि गुंता सुटल्याच्या समाधानाने त्याने पंखा स्वतःकडे वळवला.

हेडमास्तरांनी जन्मात कुणाला विचारला नव्हता असा प्रश्न विचारला. “मला नापास व्हायचं असेल तर काय करावं लागेल?”

“वाईट रिपोर्ट आणा. सरासरी आठ टक्क्यांच्या वर, सोबत डॉक्टरांचं पत्र. मग तातडीच्या रांगेत घालतो, त्याच दिवशी मंजुरी.”

म्हणजे दार उघडं होतं. फक्त त्या दारातून जायला सरासरी काढावी लागणार होती, आणि सरासरीचा रिपोर्ट घरी येणार होता. घरी बायको होती, आणि तिला वाचता येत होतं. हेडमास्तर ‘बघतो’ म्हणाले आणि घरी येऊन नऊ युनिट घेत राहिले.

सहाव्या दिवशी ते दुपारपर्यंत पाण्याचे तीन तांबे रिचवून बसले होते. वर्तमानपत्र त्यांनी आधी जवळ धरलं, मग लांब, मग खिडकीपाशी.

“अहो, उलटं धरलंय ते,” बायको म्हणाली.

“छपाईच खराब झालीये हल्ली.”

तिने वाद घातला नाही. चपला घातल्या, त्यांच्याही पायाशी आणून ठेवल्या आणि रिक्षा बोलावली. डॉक्टरीणबाईंची पुढची तारीख पाच आठवड्यांनंतरची होती, असं स्वागतकक्षातल्या मुलीने सांगितलं. बायको म्हणाली, “हरकत नाही, आम्ही इथेच बसून थांबतो,” आणि बसली. वीस मिनिटांत आत बोलावणं आलं.

बोटाला सुई टोचली. तीनशे अठरा.

“इन्सुलिन किती घेताय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

हेडमास्तर भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे पाहू लागले.

“काका, मी त्या चित्राला नाही विचारलं.”

“नऊ,” हेडमास्तर म्हणाले.

बायकोने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. 

डॉक्टरीणबाईंनी आपल्याच यंत्रावर सरासरी काढली: नऊ पूर्णांक चार टक्के. पत्र लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, “नमुन्याचं शेवटचं पेन काल एकाला दिलं, नाहीतर आत्ताच दिलं असतं. घरी उरलेल्या एका दिवसाच्या औषधावर भागणार नाही, आज मंजुरी काढा. नाही मिळाली तर संध्याकाळी सरळ रुग्णालयात भरती व्हा. थांबायचं नाही, हे चेष्टेवारी नेण्यासारखं नाही. भरती झाल्यावर इन्सुलिन लगेच मिळेल, त्याला मंजुरी लागत नाही.”

“म्हणजे खाट मिळते, पेन मिळत नाही?” बायकोने विचारलं.

“खाट वेगळ्या खात्याकडे आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कार्यालय चारला बंद व्हायचं. ते पोहोचले तेव्हा तीनला दहा मिनिटं होती आणि पुढे सातजण होते. खिडकीशी नंबर लागला तेव्हा सव्वातीन झाले होते. कारकुनाने नवा रिपोर्ट पाहिला आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा पडला.

“अहो काका, दहा दिवसांपूर्वी तुमचं इतकं छान होतं.”

“आता नाहीये. शिक्का मारा.”

“मारला असता. पण संगणक म्हणतोय, ‘दोन रिपोर्टांत तफावत. अर्जदाराचा लेखी खुलासा जोडा.’ अर्जदाराची सही, आणि घरातल्या एका माणसाची साक्षीदार म्हणून. चारच्या आत द्या, नाहीतर उद्या सुट्टी, परवा रविवार.”

त्याने कोरा कागद सरकवला. हेडमास्तरांनी तो घेतला, बाकावर बसले, पेन उघडलं. हे पेन शाईचं होतं. त्याला मंजुरी लागत नव्हती. पण कागदावरच्या रेघा त्यांना मुंग्यांसारख्या हलताना दिसत होत्या. पहिलीच ओळ त्यांनी बाकाच्या फळीवर लिहिली.

“आणा इकडे,” बायको म्हणाली. तिने कागद पर्सवर ठेवला आणि पेन हातात घेतलं. तीस वर्षांत हजारो माणसांसमोर धरलं होतं, तसंच. “सांगा.”

“लिही. ‘उपरोक्त विषयास अनुसरून, काही अपरिहार्य कारणांमुळे...’”

“कुठली कारणं?”

“ते लिहायचं नसतं. अपरिहार्य म्हटलं की झालं.”

“तो परत पाठवेल. पावणेचारला. कारण सांगा.”

हेडमास्तरांनी घसा साफ केला. घसा कोरडाच होता. “‘तपासणीपूर्वी चार दिवस अर्जदाराने आहारात विशेष संयम पाळला.’”

तिने लिहिलं. “आणि एरवी?”

“एरवी काय?”

“तफावतीचा खुलासा आहे. चार दिवस संयम पाळला हे एक झालं. उरलेल्या दिवसांचं?”

बाकावर शेजारी बसलेल्या एका आजोबांनी आपला कान हळूच या बाजूला आणला. हेडमास्तरांनी आवाज खाली घेतला. “लिही... ‘अर्जदार अधूनमधून बिस्किटं खातो.’”

“अधूनमधून म्हणजे किती?”

“दोन-चार.”

“रोज आठ,” ती लिहिता लिहिता म्हणाली.

हेडमास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पाहणारे फक्त ते आजोबा होते, आणि त्यांनी मनापासून पाहिला. “तुला माहीत होतं?”

“सहा वर्षं झाली. दर गुरुवारी तुम्ही वाचनालयात गेलात की डब्यातली निम्मी मी काढून घेते. नाहीतर सरासरी नऊवर थांबली नसती.”

“मला वाटायचं, दुकानदार कमी भरतो.”

“गणिताचे मास्तर ना तुम्ही.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही लपवून आठ खात होतात. बोलले असते तर उघडपणे सोळा खाल्ली असती.” तिने पेन कागदावरून उचललं. आता तिचा आवाज बदलला होता. त्यात थट्टा उरली नव्हती. “बिस्किटांचं मला माहीत होतं. नऊ युनिटचं माहीत नव्हतं. रोज सकाळी मी समोर चहा करत होते, आणि तुम्ही माझ्याकडे पाठ करून निम्मं औषध घेत होतात. का, तर माझ्यासमोर नापास व्हायला नको. उद्या डोळे गेले असते, तर त्याचा खुलासा कुणी लिहायचा होता?”

 हेडमास्तरांना कार्यालयातल्या घड्याळाचा काटा दिसत नव्हता, पण ऐकू येत होता.

“लिही,” ते शेवटी म्हणाले. “‘अर्जदार रोज आठ बिस्किटं खातो. तपासणीत ते दिसू नये म्हणून चार दिवस उपाशी राहतो. ही लबाडी अर्जदाराने दरवर्षी केली आहे. औषध थांबल्यावर अर्जदाराने सहा दिवस निम्मी मात्रा घेतली आणि घरी सांगितलं नाही.’”

“सावकाश. ‘लबाडी’ लिहू?”

“लिही. शब्द बरोबर आहे.”

तिने लिहिलं, वाचून दाखवलं, जिथे सही करायची तिथे त्यांचं बोट धरून ठेवलं. खाली आपली सही केली. साक्षीदार.

पावणेचार वाजता कारकुनाने खुलासा वाचला. एकदा वाचला, मग चष्मा कपाळावरून नाकावर आणून परत वाचला. इथे लोक ‘अपरिहार्य कारण’ लिहितात, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“कुठली बिस्किटं?” त्याने विचारलं.

“हेही संगणक विचारतोय?” बायकोने विचारलं.

“नाही, मीच.” त्याने शिक्का उचलला. “माझी एकशे दहा उपाशीपोटीचीच आहे हो.”

शिक्का बसला. कुणीतरी आतून ‘बंद करा रे’ म्हणून ओरडलं, आणि कारकुनाने सहा कळा दाबल्या, आणखी दोन दाबल्या, मग एक मोठी कळ दाबली.

औषधवाल्याकडे पोहोचेपर्यंत लालचं हिरवं झालं होतं. त्याने फ्रिज उघडून पेन काढलं, पट्ट्यांची डबी काढली. बायकोने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. आत्ताच पूर्ण मात्रा घ्या, घरी जायची वाट बघू नका, पाणी पीत राहा, दर दोन तासांनी साखर मोजा, अडीचशेच्या खाली उतरली नाही तर रुग्णालय गाठा, असं त्यांनी सांगितलं. हेडमास्तर दुकानातल्या उंच स्टुलावर बसले. त्यांनी पेन डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि मग बायकोच्या हातात दिलं.

तिने सुई बसवली, नीट चालते का पाहिलं, आणि कळ फिरवायला सुरुवात केली. प्रत्येक युनिटला बारीक टक् असा आवाज येत होता, आणि त्यांना ऐकू यावं म्हणून ती मोठ्याने मोजत होती. एक, दोन, तीन. औषधासाठी रांगेत उभी असलेली माणसं आपापलं बोलणं थांबवून ऐकू लागली. पंधरा. सोळा. सतरा. अठरा.

ती थांबली.

“पुढे?” रांगेतल्या एकाने विचारलं.

“पुढे काही नाही,” ती म्हणाली. “एवढंच लिहून दिलंय.” आणि हेडमास्तरांना म्हणाली, “सदरा वर करा.”

हेडमास्तरांनी सदरा वर केला.