मागच्या तक्त्याची खोबण

"पाना उलटा फिरवतेयस," वहिनी कारखान्याच्या दारातूनच म्हणाली.

धाकटी टेबलाखाली गुडघे टेकून बसली होती. "मला येतं," ती म्हणाली.

"येतं ना? मग ते बिट दुधाच्या दातासारखं का हलतंय?"

धाकटीने पाना दुसऱ्या बाजूला फिरवला. बिट आवळलं गेलं. तिचे कान तापले. राउटर, म्हणजे लाकडात खोबण पाडायचं मशीन, हातात धरून चालवतात तेव्हा त्याचं तोंड खाली असतं. टेबलात बसवला की तो उलटा टांगला जातो, बिट, म्हणजे त्याचं फिरतं पातं, वर डोकं काढतं आणि डावं-उजवं सगळं पालटतं. हे तिने वाचलं होतं. तिने बरंच काही वाचलं होतं.

बाबांना जाऊन महिना झाला होता. त्यांचा सुतारकामाचा कारखाना आता वहिनीच चालवत होती. तो तिला कुणी दिला असं नव्हे. दादाला भुशाने शिंका यायच्या, त्यामुळे तो इकडे फिरकायचा नाही. लग्न होऊन आलेली वहिनी एकदा हातात केरसुणी घेऊन उभी राहिली आणि "बाबा, हे कशाला?" असं विचारून गेली. त्यांनी सांगितलं. मग ती विचारत राहिली आणि ते सांगत राहिले. धाकटी तोवर दुसऱ्या शहरात, कॉलेजात साहित्य शिकवत होती. लहानपणी ती आत डोकावली की बाबा म्हणायचे, "तू वाच ग," आणि आवाजाचा त्रास नको म्हणून दार लोटून घ्यायचे. त्या लोटलेल्या दारालाच ती आजवर माया समजत आली होती. ती मायाच होती. पण न बघता हात मागे नेऊन नेमका पाना उचलणारी वहिनी पाहिली, की ते नुसतं बंद दार वाटायचं.

टेबलाशेजारी धाकटीच्या पुस्तकांच्या कपाटाच्या दोन बाजू टेकवून ठेवल्या होत्या. बाबांचं हे शेवटचं काम. डाव्या बाजूत मागचा तक्ता सरकवायची खोबण पाडून झाली होती, उजवी कोरीच राहिली होती. सकाळपासून धाकटीने त्या खोबणीतून कितीदा तरी बोट फिरवलं होतं. सरळ, स्वच्छ, कुठे कूस नाही. बाबांचा हात. उजवी आपण पाडायची, असं तिने मनाशी धरलं होतं. म्हणजे कपाट बापलेकीचं होईल.

"तू नुसती बघ हं," ती वहिनीला म्हणाली. "हात लावू नकोस."

"नाही लावत, वन्सं. हाताची घडी घालून उभी राहते, पाहिजे तर तोंडावर बोट पण ठेवते."

धाकटीने डाव्या बाजूची खोबण बिटावर उपडी ठेवली आणि बिट खोबणीच्या तळाला टेकेपर्यंत वर चढवलं. खोली जुळली. मग लाकूड जिला टेकवून न्यायचं ती गाइडची पट्टी सरकवून आवळली. तोंडावरचं बोट काढून वहिनीने एक टाकाऊ तुकडा पुढे केला. "आधी यावर."

मशीन सुरू झालं. धाकटीने तुकडा डावीकडून सरकवला. तो पट्टी सोडून बाहेर ओढला गेला आणि खोबण वाकडीतिकडी पळाली. तिने घाईने बटण बंद केलं.

"उजवीकडून द्यायचं," वहिनी म्हणाली.

"बाबा डावीकडूनच न्यायचे. मी पाहिलंय."

"हातात धरून नेताना. इथे तो उलटा, म्हणून आपणही उलट. नाहीतर लाकूड पट्टीला धरून राहत नाही. माझंही असंच पळालं होतं की, ही डावी करताना पहिले दोन तुकडे..."

ती थांबली.

"कुठली डावी?"

वहिनी टेबलावरचा भुसा हाताने लोटू लागली. "शेवटी शेवटी त्यांचा हात फार थरथरायचा ग. लाकूड पट्टीला दाबून धरवायचं नाही. ते मागे उभं राहून सांगायचे, मी ढकलायचे."

"मला फोनवर म्हणाले, खोबण पाडली."

"मग? पाडलीच ना?"

"म्हणजे हेही तूच." धाकटीचा आवाज चिरकला. "सगळं तर तुलाच मिळालं. एवढं एक माझं म्हणून ठेवायचंस."

"सगळं?" वहिनीने वर पाहिलं. "तुझा फोन आला की आधी मशीन बंद. लाकूड धरून मी उभी. तिकडे तुमच्या पुस्तकांच्या गप्पा, हसणं, काय न् काय. फोन ठेवला की मला काय? 'पट्टी सरकव.' एकदा विचारलं, काय म्हणत होती हो? तर म्हणे, तुला नाही कळायचं."

धाकटीला क्षणभर बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं. वहिनीच्या ते लक्षात आलं असावं. ती पुन्हा भुसा लोटू लागली, लोटायला काही उरलं नव्हतं तरी.

"उजवीकडून ना?" कोरी बाजू उचलत धाकटीने विचारलं.

"हं. आणि थांबायचं नाही मध्ये. थांबलीस की जळतं."

कोरी बाजू लांब होती. अर्ध्यावर गेल्यावर तिचं टोक टेबलापलीकडे झुकू लागलं. धाकटी मशीनच्या वर आवाज चढवून ओरडली, "धर ग तिकडून!" वहिनीने टोक तळहातांवर झेललं. खोबण शेवटपर्यंत गेली. फक्त एका ठिकाणी, जिथे ती ओरडली होती, तिथे किंचित काळी झाली.

दुपारी दोघींनी चौकट जोडून उभी केली आणि वरून मागचा तक्ता सोडला. डावीकडून तो सुळकन उतरला, उजवीकडे अडला. वहिनीने पॉलिश पेपर उचलला. "जरा घासते."

"नको," धाकटी म्हणाली. "जाईल."

दोघींनी तक्त्याच्या वरच्या कडेवर हात ठेवून दाबलं. कपाटाच्या उघड्या पाठीतून पलीकडे बाबांचं स्टूल दिसत होतं. तक्ता कुरकुरत खाली उतरू लागला. आधी स्टुलाची बैठक झाकली गेली, मग आडव्या पट्ट्या, मग पाय. तक्ता तळाला टेकला, तरी दोघी दाबतच राहिल्या.