बाबांच्या चाळिसाव्याचे गहू

माझ्या बाबांच्या चाळिसाव्याचे गहू एकोणीस पर्यटकांनी संपवले आणि मला त्यातला एक दाणाही मिळाला नाही.

पण असं काही झालंच नाही. तसं मी सही करून दिलं आहे. मे महिन्याच्या त्या रविवारी आमच्या बेटावरच्या एर्मूपोली गावच्या ‘चाला आणि चाखा’ सहलीत चीज, लुकूमी नावाची साखरेत घोळलेली मऊ मिठाई, पाव आणि केपरच्या कळ्यांचं लोणचं ठरल्याप्रमाणे खाऊ घातलं गेलं. कुणी उपाशी राहिलं नाही, कुणी रडलं नाही. आता ही न झालेली गोष्ट सांगतो.

बाबा, म्हणजे अर्गिरिस, गावातल्या दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करायचे. त्यांना जाऊन चाळीस दिवस व्हायचे त्या रविवारची मी रजा मागितली. मी या सहलींचा गाइड; आमचे मालक थ्रासोस म्हणाले की त्या दिवशी मोठी बोट लागणार आहे. वडील तर गेलेलेच आहेत, ते आता कुठे जाताहेत, बोट मात्र पाचला सुटते. मला यात काही खोट काढता आली नाही.

मला फार काही नको होतं. चर्चमध्ये पहिल्या रांगेत आईशेजारी उभं राहायचं आणि शेवटी दारात तिच्या हातून मूठभर गहू घ्यायचे. चाळिसाव्याला सगळ्यांना वाटतात ते: उकडलेले गहू, त्यात डाळिंबाचे दाणे, बेदाणे, बदाम, वर पिठीसाखर. आदल्या दिवसापासून ती तेच करत होती. ते खाल्ले की बाबा गेले हे मला पटेल, असं मी ठरवून टाकलं होतं. तोवर माझ्या लेखी ते कुणाचा तरी काटा बघायला बाहेर गेलेले होते.

चर्च चीजच्या दुकानामागेच आहे. दुकानदार मानोलिस बाबांचा दोस्त, आणि चीज इतकं सावकाश कापतो की मधल्या वेळात गाय पुन्हा दूध देईल. पर्यटकांना त्याच्या ताब्यात देऊन वीस मिनिटं सटकायचं, असा माझा बेत होता.

दुकान बंद होतं. दारावर कागद: ‘अर्गिरिसच्या चाळिसाव्याला गेलो आहे.’ लुकूमीच्या दुकानावर तोच मजकूर. बेकरीवरही तोच, खाली जादा ओळ: ‘तुम्हीही या.’ लोणचंवाल्या मारूसाबाईंनी कागदही लावला नव्हता, नुसती खुर्ची उलटी करून ठेवली होती. बाबांनी गावातला एकही काटा सोडला नव्हता.

गवती टोपीवाल्या एका गृहस्थांनी मला थांबवून विचारलं, ही सगळी एकाच मालकाची दुकानं का? पाटी सगळीकडे सारखीच दिसतेय. मी म्हटलं, एका अर्थी हो.

दोन तास उपाशी असलेली एकोणीस माणसं आणि पुढे पिवळी छत्री उंच धरलेला मी, असे आम्ही चर्चच्या पायऱ्यांशी पोचलो तेव्हा विधी संपून लोक बाहेर पडत होते. दारात काळ्या कपड्यांतली आई, हातात ताट, ताटात गव्हाच्या पुड्या. माझ्या माणसांना खाणं दिसलं, रांग दिसली, ती रांगेत उभी राहिली. चाळिसाव्याला कुणाला नाही म्हणत नाहीत. मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण घेताना काय म्हणायचं असतं, असं त्यांनी विचारलं आणि मी सवयीनं सांगून बसलो: ‘देव त्यांना क्षमा करो.’

टोपीवाल्यांनी विचारलं, त्यांनी केलं काय होतं? मी म्हटलं, वजनकाटे दुरुस्त करायचे. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली.

एकोणीस जणांनी एकोणीस तऱ्हांनी आईसमोर बाबांसाठी क्षमा मागितली. एका बाईंनी बिनसाखरेचं आहे का विचारलं. आई प्रत्येकाच्या हातात पुडी ठेवत गेली. मी सगळ्यांच्या मागे, कारण गाइडनं शेवटी खायचं असा आमचा नियम आहे. माझी पाळी आली तेव्हा ताटात सांडलेली पिठीसाखर होती.

आईनं आधी छत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मिट ती. पाऊस नाहीये.”

“आई, दुकानं बंद होती गं.”

“माहितीये. सगळी आत होती.” तिनं ताट काखेत घेतलं. “तुझ्या जागी मानोलिस उभा राहिला. गुडघे दुखतात त्याचे, पण राहिला. तुझी माणसं जेवली ना?”

“जेवली.”

“मग झालं. बोट चुकेल त्यांची. जा.”

संध्याकाळी थ्रासोस म्हणाले की चीज दिलं नाही असं कळलं तर एकोणीस जणांचे पैसे परत करावे लागतील. तेव्हा लिही: चारही थांबे झाले, आणि तू दिवसभर सहल सोडून कुठेही गेला नाहीस. मी लिहून खाली सही केली. टोपीवाल्यांनी नंतर चार तारे दिले. गहू उत्तम, दारातल्या बाई जरा तुसड्या.

चर्चच्या कचेरीला मी अर्ज दिला आहे, त्याची ही नक्कल:

‘अर्जदार उक्त रविवारी पूर्णवेळ कामावर हजर असल्याचे त्याच्याच सहीने सिद्ध होत असल्यामुळे, सदर चाळिसावा दिवस अर्जदारापुरता पार पडलेला नाही. तरी कै. अर्गिरिस यांचा चाळिसावा दिवस बोट नसलेल्या तारखेस पुन्हा मंजूर करावा, पहिल्या रांगेतील जागा श्री. मानोलिस यांच्याकडून अर्जदाराकडे वर्ग करावी, आणि मूठभर गहू अर्जदाराच्या आईच्याच हस्ते देण्यात यावेत, ही नम्र विनंती.’