गोंदाने चिकटवलेले पाय

मित्रांनो, मी जाड कागदाचा एक जुना पूल आहे. हातभर लांब आणि मधोमध चपटा झालेला. कुणी माझे कौतुक करू लागले की मला आधी संशय येतो, आणि त्याला तसेच कारण आहे.

मला घडवले लोरेन ब्रूसोने. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या आमच्या गावात ती पुलांचे आराखडे काढते. गावाला ओढ्यावर पायी जाण्यासाठी पूल हवा होता. पलीकडच्या वस्तीतली मुले गाड्यांच्या रस्त्याच्या कडेने, जीव मुठीत धरून शाळेला जात. लोरेन कागद कापी, दुमडी, त्याचा छोटा पूल करी, बोटाने दाबून बघी आणि मोडला की हसत टोपलीत टाकी. मोडण्यातूनच तिला पूल कळत असे. माझी कितीतरी भावंडे अशी गेली. मी मात्र कमानीचा, देखणा. मला तिने मोडलेच नाही. उलट माझे दोन्ही पाय पुठ्ठ्यावर गोंदाने घट्ट चिकटवले. इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

कमानीवर वजन पडले की तिचे पाय बाहेर सरकू पाहतात. माझे सरकत नव्हते, कारण त्यांना गोंदाने धरून ठेवले होते. ओढ्याच्या काठी गोंद कुठला? तिथे बर्फ वितळले की घोट्यापर्यंत चिखल असतो. हे लोरेनच्या लक्षात आले नसेल? की येऊनही ती गप्प आहे? तिचा भागीदार वेंडेल माझ्यावर डबे रचून "काय दणकट आहे गं!" म्हणे. मला त्याचाही भरवसा वाटत नसे.

मार्चमध्ये वर्षाची गावसभा भरली. जेवणानंतर हात वर करून पुलाचा निर्णय व्हायचा होता. प्रत्येकाने घरून काहीतरी रांधून आणले होते. मला गावातल्या डॉरिसबाईंच्या बीन्सच्या पातेल्याशेजारी मांडले. वेंडेलने माझ्यावर मेपलच्या झाडाच्या गोड पाकाची उघडी बरणी ठेवली. मी तसूभरही हललो नाही. टाळ्या पडल्या.

"बघा मंडळी, नुसता कागद आहे हा!" वेंडेल म्हणाला.

डॉरिसबाई वाकून बघत म्हणाल्या, "इतक्या गोंदात तर आमचे हेसुद्धा ताठ उभे राहतील!"

सगळे हसले. लोरेन हसली नाही. तिने माझ्या पायांकडे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. मग तिने नजर फिरवली. झाले, आता ही सगळे गिळून टाकणार, असे मी धरून चाललो.

पण तिने खिशातून चाकू काढला.

"अगं, करतेस काय? मतं तरी पडू देत!" वेंडेल कुजबुजला.

"नंतर कळून काय उपयोग? पोरं जाणारेत त्यावरून."

तिने माझ्या पायांखालचा गोंद कापला, मला उघड्या टेबलावर ठेवले आणि तीच बरणी वर ठेवली. माझे पाय दोन बाजूंना घसरले आणि मी पोटावर आपटलो. पाक सगळा बीन्समध्ये गेला.

"चूक माझी आहे," लोरेन म्हणाली. "याला पुठ्ठ्यानं धरलं होतं. तिथला चिखल धरणार नाही. आज मत देऊ नका."

निर्णय वर्षभर लांबला. मुले आणखी एक हिवाळा रस्त्याच्या कडेने चालली, आणि ते लोरेनला फार लागले. वेंडेल कित्येक दिवस तिच्याशी धड बोलला नाही. तिने नवे पूल केले. त्यांचे पाय एकमेकांना कागदी पट्टीने बांधले, गोंदाला हात लावला नाही आणि एकेक दाबून मोडून पाहिला. त्यांतला जो मोडेना, तसाच खरा पूल आज ओढ्यावर उभा आहे.

मी तिच्या फळीवर असतो. लोक विचारतात, "हा चेपलेला कशाला ठेवलास?"

"कुणी त्याच्यावरून चालायच्या आधी मोडला म्हणून," ती म्हणते.

मित्रांनो, मला जपा असे मी तुम्हाला सांगणार नाही. मला दाबा, वाकवा, माझ्यावर खुशाल संशय घ्या. मी मोडलो तर फार तर एखाद्या बाईचे बीन्स गोड होतील.